खरं सांगून न्या

मी ज्या टेबलामागे नोकरी केली तिथे बाराही महिने लग्नसराई असायची. माणसं नटूनथटून यायची. कुणी जरीच्या साडीत, कुणी कडक इस्त्रीच्या सफारीत, आणि एकदा तर एक गृहस्थ चक्क फेटा बांधून आले. टेबल मात्र मंगल कार्यालयातलं नव्हतं. ते मनोरुग्णालयाच्या दाखल-विभागात होतं आणि मी तिथे समाजसेविका होते. हे पद ऐकलं की लोकांना वाटतं, मी गरिबांना ब्लँकेटं वाटत असेन. माझं काम पेशंट आणि नातेवाईक या दोघांचंही ऐकून घेण्याचं आणि त्यातलं खरं कोण बोलतंय ते शोधण्याचं होतं. बहुतेक वेळा पेशंटच खरं बोलत असायचा.

त्याचं कारण साधं आहे. घरात कुणाचं डोकं बिघडलं की बाकीच्या शहाण्या माणसांना पहिली गोष्ट सुचते ती थाप. "तुला बरं नाही, डॉक्टरकडे जाऊ" असं कुणी म्हणत नाही. म्हणतात, "चल, ठाण्याला मामांकडे वास्तुशांत आहे." देवदर्शन, साखरपुडा, बारसं, सगळं आमच्या दारात येऊन संपायचं. घाटकोपरच्या एका काकांना त्यांच्या मुलांनी "बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग आहे" म्हणून आणलं होतं. काका खुर्चीत बसले आणि डॉक्टरांना पहिला प्रश्न टाकला, "कार्पेट एरिया किती देताय?" आमच्या तरुण डॉक्टरांनी लगेच लिहून घेतलं की पेशंटला भ्रम होतात. मी म्हटलं, "डॉक्टर, हा भ्रम त्यांचा नाही, मुलांनी दिलेला आहे. तेवढं खोडा." त्यांनी खोडलं, पण कपाळाला आठ्या घालून.

मग मानसिक आरोग्याचा नवा कायदा आला. त्यात एक तरतूद होती, जी वाचून मला नोकरीत पहिल्यांदाच सरकारवर प्रेम करावंसं वाटलं. आपलं डोकं ठिकाणावर असताना कुणीही सज्ञान माणूस लिहून ठेवू शकतो की, पुढे कधी मला मनाचा आजार झाला आणि माझे निर्णय मला घेता आले नाहीत, तर मला कसे उपचार द्या, कसे देऊ नका, आणि माझ्या वतीनं कुणाला विचारा. ज्याला विचारायचं तो नामनिर्देशित प्रतिनिधी. त्यानंही लेखी होकार द्यायचा, दोन साक्षीदारांनी सही करायची, आणि कागद नोंदवायचा. याला म्हणतात पूर्वनिर्देश. आमच्याकडे येणारे त्याला सरळ 'वेडाचा कागद' म्हणतात, आणि मीही आता दुरुस्त करणं सोडलं आहे.

निवृत्तीनंतर मुलुंड पश्चिमेच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी हे कागद करून द्यायला बसू लागले. डोळे तपासणीच्या शेजारीच माझं टेबल. पहिले कित्येक आठवडे लोक चष्म्याचा नंबर समजून माझ्यापुढे येऊन बसत. नंतर खरी गिऱ्हाइकं आली. त्यांची पहिली तक्रार एकच, हा कागद फुकट होतो. "स्टँप पेपर नाही? नोटरी नाही?" "नाही लागत." "मग हा चालतो कसा?" जो कागद करायला खिशाला चाट बसत नाही त्यावर मुंबईकराचा विश्वास बसत नाही. एक जोशीकाका माझ्यासमोरून उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी स्टँप पेपरवर, नोटरीचा लाल शिक्का मारून, वर स्वतःचा फोटो चिकटवून तोच मजकूर घेऊन आले. म्हणाले, "आता कसं, वेड लागायला मोकळा झालो."

बोरिवलीच्या एका गृहस्थांनी लिहिलं, "मला वेड लागल्यास माझ्या पत्नीस काहीही विचारू नये." मी म्हटलं, बरं. त्यांनी थोडा विचार करून पुढे जोडलं, "वेड न लागल्यासही विचारू नये." त्याला कायद्यात सोय नाही हे समजावताना माझी दुपार गेली. गोराईहून एक मासळीवाल्या मावशी आल्या. त्यांची अट एकच होती, हॉस्पिटलात दुधी भोपळा देऊ नये. मी हसले तर त्या रागावल्या. "बाई, मागल्या टायमाला तीन आठवडे दुधी खाऊन मी जास्त येडी झाली." ते मी लिहून घेतलं. कशानं बरं वाटतं आणि कशानं नाही, हेच तर त्या कागदात लिहायचं असतं.

पण मला सांगायचं आहे ते नलूताईंबद्दल.

नलूताई मुलुंड पूर्वेला फॉल-पिकोचं दुकान चालवतात. लग्न केलं नाही. आईवडील कणकवलीकडचे, वडील गिरणीत होते. आता जवळचा म्हणाल तर धाकटा भाऊ दिगंबर, भांडुपला एका कारखान्यात सुपरवायझर. दर काही वर्षांनी नलूताईंचं मन वर चढतं. झोप जाते, बोलणं थांबत नाही, गिऱ्हाइकांच्या साड्यांना भलत्याच रंगाचे फॉल लागतात, आणि नको असलेल्यांनाही फुकट लावून मिळतात. औषधं घेतली की महिन्याभरात त्या ठीक होतात. ठीक असताना त्यांच्याइतकी शहाणी बाई मी पाहिलेली नाही.

त्या आमच्या हॉस्पिटलात आल्या त्या पैठणी नेसून, गजरा माळून. दिगंबरनं सांगितलं होतं, डोंबिवलीला चुलत पुतण्याचं लग्न आहे. त्या माझ्यापुढे बसल्या आणि इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "नवरदेव खय आसा?" मला अजून तो प्रश्न आठवतो. दिगंबर दाराबाहेर तोंड फिरवून उभा होता. दाखल करताना दागिने काढून ठेवावे लागतात, साडी बदलावी लागते. पैठणी सोडताना त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "माका खरा सांगितला असता तर साधी साडी नेसून इलंय असतंय." मी आयुष्यभर असल्या फसवणुकीच्या दारात बसले होते, पण त्या दिवशी मला माझ्या टेबलाची लाज वाटली.

निवृत्तीनंतर त्याच नलूताई माझ्या नव्या टेबलापुढे येऊन बसल्या. "बाई, तो वेडाचा कागद म्हणे तुम्ही करता. माझा करा." त्यांना काय हवंय ते ठरलेलं होतं. कुठली गोळी सोसते, कुठल्या गोळीनं हात थरथरतात आणि सुई धरता येत नाही, हे सगळं त्यांनी धडाधड सांगितलं. पण सगळ्यांत वर त्यांनी एक वाक्य घालायला लावलं: "मला कुठे नेता ते खरं सांगून न्या. मी शिव्या देईन. त्या ऐकून घ्या आणि परत खरंच सांगा."

"आणि प्रतिनिधी कोण?" मी विचारलं. माझी खात्री होती, भाऊ सोडून कुणीतरी असणार.

"दिगू."

"ज्यानं फसवून आणलं तोच?"

"दुसरा आहे कोण, बाई? आणि तो वाईट नाही, भित्रा आहे. भित्र्या माणसाला लिहून द्यावं लागतं, म्हणजे त्याला धीर येतो."

दिगंबर आला, त्यानं मान खाली घालून होकार लिहिला. राहिले दोन साक्षीदार. वास्तविक माझ्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं आणि चष्मेवाल्यानं सहज सही केली असती. पण नलूताईंना शेजारी हवे होते. म्हणाल्या, "नेतील तेव्हा बघत कोण असणार? शेजारीच ना? मग त्यांना आधी ठाऊक असू दे." इथे खरी गंमत सुरू झाली, कारण मुलुंडमधल्या सोसायटीत माणसाला स्वतःच्या मर्जीनं खिडकीला जाळी लावता येत नाही, आणि ही बाई स्वतःच्या मर्जीनं वेडाची तयारी करायला निघाली होती.

समोरच्या दारच्या बाई म्हणाल्या, "सही करीन गं, पण सेक्रेटरींना विचार." सेक्रेटरी होते नाडकर्णी. बँकेतून निवृत्त झालेले, आवाजात कायम इतिवृत्त. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "यावर सोसायटीचा पत्ता आहे. एनओसी लागेल." मी फोन करून सांगितलं की लागत नाही. "मॅडम, कायद्याला लागत नसेल. सोसायटीला लागते," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

विषय सर्वसाधारण सभेत आला. पाण्याची टाकी धुणे आणि कबुतरांचा उपद्रव या दोन विषयांच्या मधे छापलं होतं: 'सदस्या नलिनी सावंत यांच्या भावी वेडाबाबत विचार करणे.' मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली. एका सदस्यानं विचारलं, हा नियम भाडेकरूंना लागू आहे का. दुसऱ्यानं विचारलं, ॲम्ब्युलन्स कुणाच्या पार्किंगमधे लागणार. तिसऱ्याला काळजी होती की असा पायंडा पडला तर उद्या कुणीही उठून वेडा होईल. एका बाईंनी सुचवलं की प्रथम वर्षभर प्रायोगिक तत्त्वावर मंजुरी द्यावी. मी कायदा समजावायला उठले, तर मला सांगण्यात आलं की पाहुण्यांनी अध्यक्षांच्या परवानगीशिवाय बोलू नये.

शेवटी नाडकर्णींनी तोडगा काढला. सोसायटीची हरकत नाही, मात्र नेण्याची वेळ आल्यास सदस्येला मागच्या गेटनं न्यावं. "त्यांच्याच भल्यासाठी," ते म्हणाले. "लोकांत चर्चा नको."

नलूताई मागच्या खुर्चीत होत्या. त्या उठल्या. "नाडकर्णी, तुमचं अपेंडिक्स झालं तेव्हा तुम्ही कुठल्या गेटनं गेलात?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? तुमचं पोट दुखत होतं, माझं डोकं दुखणार. मी पुढच्या गेटनं जाणार. नाहीतर कबुतरांचा विषय घ्या, त्यात तरी तुम्हाला कळतं."

सभेत हशा पिकला. त्या हशातच समोरच्या बाईंनी आणि तळमजल्यावरच्या एका आजोबांनी सह्या करून टाकल्या. मागच्या गेटाचा ठराव तसाच इतिवृत्तात गेला, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून तिथेच आहे.

पुढच्या नवरात्रात नलूताईंचं मन चढलं. दुकान पहाटे उघडलं. कुणाच्या तरी पांढऱ्या साडीला त्यांनी लालभडक फॉल लावला आणि वर तिला म्हणाल्या, तू पांढरं नेसायच्या लायकीची नाहीस, अजून खूप जगायचंय तुला. रविवारी सकाळी दिगंबरचा फोन आला. तो त्यांच्या दाराबाहेर जिन्यात उभा होता.

"बाई, ती ऐकणार नाही. सांगू का, भाचीचा साखरपुडा आहे म्हणून? शेवटचं. एवढ्या एका वेळी चालवून घ्या ना."

"दिगंबर, कागद तुझ्याकडे आहे ना? पहिलं वाक्य वाच."

"वाचलं. तरी बेल वाजवायला हात होत नाही."

मी रिक्षा करून गेले. मी पोचले तेव्हा त्यानं नुकतीच बेल वाजवली होती. नलूताईंनी दार उघडलं. केस मोकळे, गळ्यात मोजपट्टी. दिगंबरनं हातातला कागद एकदा उघडून बघितला. मग तो एकदम मालवणीत बोलला, म्हणजे लहानपणी घरात बोलायचा तसा.

"ताई, तुका बरा नाय. आपण हॉस्पिटलात जातंव. लग्नाक नाय, खयच नाय. हॉस्पिटलात."

त्यानंतर ज्या शिव्या सुरू झाल्या त्या मी इथे लिहू शकत नाही, कारण हा अंक घरातले सगळे वाचतात. त्यात दिगंबरची सात पिढ्यांपर्यंत चौकशी झाली. त्या पिढ्या नलूताईंच्याही होत्या हे त्या घाईत त्यांच्या लक्षात आलं नाही. त्याच्या चपला जिन्यातून खाली गेल्या. वरखालची सगळी दारं किलकिली झाली. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला, आणि त्या दम घ्यायला थांबल्या की परत तेच वाक्य बोलायचा. मला वाटलं, हे जमत नाही. खरं सांगायचं तर अनेकदा जमतही नाही. कागद असूनही माणूस नाही म्हणतो, मग डॉक्टरांना घरी बोलवा, तपासा, सगळी कायदेशीर वाट चालावी लागते. कागद म्हणजे काही ताईत नाही.

जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी नलूताई थकून उंबऱ्यात बसल्या. भावाकडे बघत म्हणाल्या, "मेल्या, तुझो चेहरो बघ. लग्न सांगतंस तेव्हा असो नसता." आणि उठून साधी सुती साडी नेसून आल्या.

खाली फाटकाशी नाडकर्णी उभे होते. त्यांनी मागच्या गेटकडे हात केला आणि हळूच म्हणाले, "इकडून, इकडून. गाडी मागे लावायला सांगितलीय." वरच्या सगळ्या खिडक्यांत माणसं होती. दिगंबर थांबला. हा माणूस रेशनच्या रांगेतसुद्धा मागच्याला आपला नंबर देईल, पण तो मान वर करून मोठ्यानं म्हणाला, "माझ्या बहिणीला बरं नाही. तिला हॉस्पिटलात नेतोय. महिन्याभरात येईल. कुणाच्या साड्या दुकानात असतील तर मला फोन करा." आणि बहिणीचा हात धरून पुढच्या गेटनं बाहेर पडला.

मला तेव्हा कळलं, इतकी वर्षं टेबलामागे बसून जे कळलं नव्हतं ते. ती लग्नाची थाप पेशंटसाठी नसतेच. ती खिडक्यांसाठी असते. मला फार भरून आलं, आणि हॉस्पिटलच्या दाराशी रिक्षावाल्यानं मीटरपेक्षा जास्त मागितले तेव्हा मी भांडलेसुद्धा नाही.

नलूताई महिन्याभरात परत आल्या. हात थरथरले नाहीत, कारण ती गोळी दिली नव्हती. त्या मग शुक्रवारी माझ्या टेबलाशी मदतीला बसू लागल्या. डोळे तपासायला येऊन वाट चुकलेल्यांना त्या दोन मिनिटांत परतवतात, मला कधीच जमलं नाही ते.

अशाच एका शुक्रवारी दुपारी, नलूताई औषध आणायला गेल्या होत्या तेव्हा, नाडकर्णी आले. आधी डोळ्यांच्या रांगेत उभे राहिले, मग सरकत सरकत माझ्याकडे.

"माझाही एक करायचा आहे. मात्र सोसायटीला कळता कामा नये."

त्यांना बरीच वर्षं नैराश्याचा आजार आहे, हे त्यांनी मला सांगितलं. गोळ्या आणायला बोरिवलीपर्यंत जातात, मुलुंडच्या केमिस्टला कळू नये म्हणून. बायकोला काय सांगितलंय विचारलं, तर म्हणाले, "ॲसिडिटीच्या."

"प्रतिनिधी म्हणून कुणाचं नाव लिहू? पत्नी? मुलगा?"

"नलिनीताईंचं लिहा. घरचे मला काय सांगून नेतील ते मला माहीत आहे. मी माझ्या आईला गणपतीपुळ्याला नेतो म्हणालो होतो."

त्या आईचं पुढे काय झालं हे विचारायचा मला धीर झाला नाही.

नलूताई परत आल्या, त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं त्या अपेंडिक्स काढतील, पण त्यांनी काढलं नाही. म्हणाल्या, "होते मी. पण चोरून सही करणार नाही. पुढच्या शुक्रवारी वहिनींना घेऊन या. त्यांना सगळं खरं सांगा, मग मी पेन उचलीन."

"ते जरा कठीण आहे," नाडकर्णी म्हणाले, आणि तो आवाज इतिवृत्तातला नव्हता.

आम्हाला वाटलं, आता हे येत नाहीत. पण पुढच्या शुक्रवारी ते आले, आणि खरोखर बायकोला घेऊन आले. शुभांगीवहिनी छान तयार होऊन आल्या होत्या. खांद्याला जड पिशवी. त्यांनी माझं टेबल बघितलं, डोळ्यांचा तक्ता बघितला, आणि विचारलं, "इथेच का हो तो एक्स्चेंज सेल? हे म्हणाले, जुना मिक्सर दिला की नवा मिळतो." आणि पिशवीतून मिक्सर काढून माझ्या कागदांवर ठेवला.

मला हसू आवरेना आणि रडूही. नाडकर्णी छताकडे बघत होते.

नलूताईंनी वहिनींना खुर्ची दिली, मिक्सर उचलून बाजूला ठेवला. "बसा वहिनी. सेल नाहीय. तुम्हाला खोटं सांगून आणलंय." वहिनींनी आधी मिक्सरकडे आणि मग नवऱ्याकडे बघितलं. नलूताई नाडकर्णींकडे वळल्या. "आता पुढचं मी नाही सांगणार. बोला. शिव्या पडल्या तर ऐकून घ्या, आणि परत तेच सांगा."

नाडकर्णींनी सभेत करत तसा घसा साफ केला. दोनदा. मग बायकोकडे न बघता म्हणाले, "शुभा, त्या गोळ्या ॲसिडिटीच्या नाहीत."

"मग कसल्या?" वहिनींनी विचारलं.

ते वहिनींच्या शेजारी बसले, आणि त्यांनी सांगितलं.